तापी संपते तिथे दिनू राहतो

आमच्या निंबोल्याच्या माणसाला समुद्र बघायचा असेल तर वाट विचारावी लागत नाही. बुऱ्हाणपूरला राजघाटावर उभं राहायचं आणि पाणी जिकडे जातं तिकडे निघायचं. तापी भुसावळच्या अंगाने खानदेश ओलांडते, उकाईच्या धरणात जरा थांबते, सुरतेतून जाते आणि सुरतेच्या पुढे डुमस नावाच्या गावापाशी समुद्राला मिळते. हे मला शाळेपासून माहीत होतं. तरी वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत मी तिकडे फिरकलो नव्हतो. कुणी विचारलं तर म्हणायचो, केळीच्या कामातून सवड कुठं मिळते? खरं कारण वेगळं होतं. डुमसला माझा धाकटा भाऊ दिनू राहतो, आणि एकोणीस वर्षांपूर्वी मी त्याच्याशी खोटं बोललो होतो.

आमच्याकडची कितीतरी माणसं सुरतेला कामाला असतात, पण डुमस बघून आलेले थोडेच. त्यांच्यासाठी लिहायला बसलो. डुमसचं लिहायचं आणि दिनूचं झाकायचं, असंही करून बघितलं. दोनदा पानं फाडली. आता जे झालं ते सगळंच लिहितो.

आधी मुठीचं सांगितलं पाहिजे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. आम्ही मध्यप्रदेशात राहत असलो तरी रीतीभाती खानदेशच्या. कानबाईच्या नैवेद्याला रोट करतात. त्यासाठी गहू आणि हरभऱ्याची डाळ घ्यायची ती माणसं मोजून. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ धान्य सुपात सोडायचं. एक मूठ, वर चिमूट. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांची मूठ निघते. परगावी असेल त्याचीही निघते. ज्याची मूठ निघाली तो घरचा. रोट घरच्यांनीच खायचा, बाहेर कुणाला द्यायचा नाही.

आमच्याकडे मूठ माय भरायची आणि नावं वडील घ्यायचे. वडील गेल्यावर नावं घेणं माझ्याकडे आलं.

दिनू यंत्रांतला माणूस. बुऱ्हाणपुरात लूम दुरुस्त करता करता सुरतेला गेला, एम्ब्रॉयडरीच्या मशिनी शिकला आणि डुमसच्या जशूशी लग्न करून मोकळा झाला. जशूच्या माहेरचे मासे धरणारे. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा बंद. भाऊबंदांत कुजबुज झाली. कुजबुजीच्या पुढे काही झालं नाही, कुणी मला काही करायलाही सांगितलं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण इतकी वर्षं मी ‘समाजाचा दाब होता’ असं म्हणत आलो.

त्या श्रावणात नावं घ्यायला बसलो. बापूकाकांचं घेतलं, चुलतभावांची घेतली, माझं घेतलं. माझ्यानंतर दिनूचं यायचं. मायची मूठ भरून सुपावर आलेली होती. मी दिनूचं नाव गाळून माझ्या मुलाचं, रोहितचं नाव घेतलं. मायचा हात तिथंच थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, “पुढं.”

तिनं ती मूठ रोहितच्या नावाने सोडली.

दिनूची मूठ माय नेहमी गच्च भरायची. बोटांच्या फटींतून दाणे सांडायचे. माझी भरायची ती नेमकी, एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही. लहानपणापासून मी ते बघत होतो आणि कुणाला बोललो नव्हतो. त्या दिवशी मी ‘पुढं’ म्हणालो त्यात मासे कमी होते आणि ती गच्च मूठ जास्त होती.

आठ दिवसांनी दिनूचा फोन आला. “भाऊ, माझी मूठ निघाली का रे?”

“नाही,” मी म्हणालो. “मायनं नाही घेऊ दिली.”

पलीकडे बराच वेळ मशिनींचा खडखडाट ऐकू आला. मग फोन बंद झाला. पुन्हा त्याचा फोन आला नाही. मायला फोन लावता येत नव्हता, नंबर माझ्याकडे होता. ती विचारायची, “दिन्याचा फोन?” मी म्हणायचो, “नाही आला.” तेवढं तरी खरं होतं. पुढे पाच श्रावण ती होती. दरवर्षी माझ्या नावानंतर तिचा हात धान्यावर नुसता टेकून राहायचा आणि मी ‘पुढं’ म्हणायचो. ती गेली तेव्हा निरोप धाडला. सुरतेच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर दिनूचं उत्तर आलं, “जिनं मला घरातून वगळलं तिला माझा खांदा कशाला लागतो?” ऐकून मी मान हलवली. शेजारी बसलेल्यांना वाटलं, भावाचा दगडपणा बघून हलवली.

यंदा रोहितचा पुण्याहून फोन आला. फोन स्पीकरवर होता. “पप्पा, कानबाईला सुट्टी कठीण आहे. मूठ काढा नाहीतर नका काढू. नाव नाही घेतलं तर असं काय होतं?”

माझी बायको उषा पोळ्या लाटत होती. मूठ गाळली त्या दिवशी ती तिथंच बसलेली होती. फोनवरच्या खोट्याचं मात्र तिला माहीत नव्हतं. लाटणं न थांबवता ती म्हणाली, “सांगा ना पोराला. काय होतं ते.”

आषाढात सप्तमीला तापीचा वाढदिवस झाला, राजघाटावर नदीला चुनरी नेसवून झाली, आणि त्यानंतरच्या आठवड्यात मी सुरतेचं तिकीट काढलं. बरोबर अर्धा किलो दराबा घेतला, ही बुऱ्हाणपूरची मिठाई दिनूला लहानपणी फार आवडायची. घरच्या केळींच्या दोन फण्याही घेतल्या. पत्ता एवढाच होता की डुमसच्या किनाऱ्यावर जशूची भज्यांची लारी, म्हणजे हातगाडी आहे.

शुक्रवार, काळी रेती

सुरत स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने माझं हिंदी दोन शब्दांत ओळखलं. “कथाईन उनात भाऊ?” कुठून आलात, असं अहिराणीत विचारणारा तो अंमळनेरकडचा निघाला. सुरतेत असं होतं म्हणतात, दर चौथा माणूस आपला. डुमसचं नाव ऐकून म्हणाला, “दिन बुडाना आत निंघी या हां. रातले तठे भुतं नाचतस.” मी म्हटलं, माझी भुतं मी घरूनच आणली आहेत. त्याला विनोद वाटला, मोठ्याने हसला.

शहर सुटलं की विमानतळाचा रुंद रस्ता लागतो, दोन्ही बाजूंना श्रीमंतांचे बंगले आणि लॉन. मग एकदम जुनं डुमस सुरू होतं. अरुंद गल्ल्या, कौलारू घरं, लाकडी खांबांच्या ओसऱ्या, ओसरीवर जाळं विणत बसलेले म्हातारे. आमच्याकडे म्हातारे ओसरीवर कापूस निवडत बसतात, तशीच मान वाकवून. एका नवाबाचा महाल इथं आहे. उन्हाळ्यात तो समुद्राची हवा खायला यायचा. बुऱ्हाणपूरच्या माणसाला महालाचं कौतुक ते काय, आमच्याकडे तर म्हशी महालाच्या भिंतीला अंग घासतात. पण त्या भिंतीपाशी उभं राहून एक गोष्ट मनात आली. आमच्या गावच्या विणकरांचं कापड जुन्या काळी बैलगाड्यांवर सुरतेला यायचं आणि इथल्या बंदरातून जहाजांत चढायचं. म्हणजे बुऱ्हाणपूर ते डुमस ही वाट माझ्या पणजोबांच्या पणजोबांनाही ठाऊक असणार. मलाच ती एकोणीस वर्षं सापडत नव्हती.

दरिया गणपतीच्या देवळापलीकडे किनारा. पहिल्यांदा बघणाऱ्याने मनात निळा समुद्र आणि सोनेरी वाळू धरून येऊ नये. इथली रेती काळी, ओल्या राखेसारखी. पाणी मातकट, आमच्या पुरातल्या तापीच्या रंगाचं. ओहोटी होती, समुद्र पार दूर गेला होता. घुंगरांचे उंट, सजवलेले घोडे, कणसं भाजणाऱ्या बाया, आणि भज्यांच्या लाऱ्यांची रांग. हवेत मीठ आणि तळणीचा वास.

लाऱ्यांकडे जायचा धीर होईना. म्हटलं, आधी पाणी बघू. चपला घालून ओल्या पट्ट्यावरून सरळ समुद्राकडे निघालो. माझी चूक अशी की मी नदीचा माणूस. आमच्याकडे पाणी ओसरलं की मागे घट्ट वाळू राहते, तिच्यात डांगरं-टरबुजं लावतात, ट्रॅक्टर घालतात. इथं पाणी ओसरलं की मागे गाळ राहतो. चाळीस-पन्नास पावलं गेलो असेन, उजवा पाय पोटरीपर्यंत आत गेला. तो काढायला जोर लावला तर डावा गुडघ्यापर्यंत. केळीची पिशवी छातीशी धरून मी ओरडलो, “अरे माय व!”

“ओ काका! उधर कादव है, कादव!” लाऱ्यांकडून एक बाई साडी खोचून धावत आली. हातात लाकडी फळी. “पग सीधा मत खींचो! आडे हो जाओ! अरे आडे, आडे!”

तिनं फळी टाकली, माझ्या दंडाला धरलं आणि कापसाचा गठ्ठा ओढावा तसं मला ओढून काढलं. चपला आतच राहिल्या. समुद्राला माझ्याकडून पहिला नैवेद्य तोच. मी चिखलात बसून धापा टाकत होतो आणि ती हसत होती. मग हसता हसता थांबली.

“तुम क्या चिल्लाए? माय व?”

“हो.”

“ऐसा तो मेरा घरवाला चिल्लाता है. करंट लागतो तेव्हा.” तिनं माझा चेहरा नीट बघितला. कपाळ, नाक. “तमे... जेठजी छो ने?”

मी मान हलवली. तिनं पटकन पदर डोक्यावर ओढला आणि माझा दंड असा सोडला की मी परत चिखलात बसलो. थोरल्या दिराला हात लावायचा नाही, ही रीत त्यांच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. पदराच्या आतून ती पुन्हा हसायला लागली. माझी आणि जशूची पहिली भेट ही अशी झाली.

तिनं मला लारीमागच्या बाकड्यावर बसवलं, पायांवर बादलीभर पाणी ओतलं आणि टोमॅटोची भजी समोर ठेवली. डुमसला गेलात तर हीच खा. टोमॅटोची जाड चकती, वर हिरवी चटणी थापलेली, ती बेसनात बुडवून तळतात. चावलं की आतला गरम रस टाळूला पोळतो. आमच्या मिरचीच्या भज्यांनी जिभेला सवय लागलेली, तरी डोळ्यांत पाणी आलं.

“तिखट आहे?” तिनं विचारलं. तिची मराठी दिनूकडून शिकलेली, निंबोल्याच्या वळणाची.

“नाही. गरम आहे.”

“काही झालं का घरी?”

“नाही. दिनूला भेटायला आलो.”

तिनं झारा तेलात फिरवला. “तो काय बोलेल मला माहीत नाही, हां. आधी सांगते. तो तुमचं कोणाचं नाव नाही घेत. सुरतेत उधन्याला तुमच्या खानदेशवाल्यांकडे घरोघर कानबाई बसते, ते सगळे बोलावतात त्याला. त्या आठवड्यात तो तिकडचं काम पण नाही घेत. मी विचारलं तर म्हणाला, दुसऱ्याचा रोट आपल्याला चालत नाही, आपला आपल्याला मिळत नाही.”

मग जशूनं मला घरी नेलं. दिवेलागणीला दिनू आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, नखांत मशिनीचं तेल. मायचं नाक. मला ओसरीवर बघून त्यानं मोटारसायकल स्टँडवर लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली.

“आला?” तो म्हणाला.

“आलो.”

“चपला कुठं गेल्या?”

“समुद्रात.”

“हं.” त्यानं स्वतःच्या स्लिपर माझ्यापुढे सरकवल्या आणि आत गेला.

जेवणाला माझ्यासाठी वेगळं केलेलं होतं, खिचडी-कढी. दिनूच्या ताटातही खिचडीच होती. त्याची मुलगी हेतल बारावीत आहे. तिला कसलाच अंदाज नव्हता, त्यामुळे बोलणारी ती एकटीच. “मोटापप्पा, पप्पा बोलतात निंबोल्याला केळीच्या बागेत नाग असतो आणि तुम्ही त्याला शेपटीला धरून फेकला होता. सच्ची?”

“सच्ची,” मी म्हणालो. “पण नाग नव्हता. धामण होती.”

“नागच होता,” दिनू ताटातून मान वर न करता म्हणाला. त्या रात्री त्याचं बोलणं एवढंच. दराब्याचा डबा जशूनं उघडून त्याच्यासमोर ठेवला होता. सकाळी बघितलं तर अर्धा संपला होता.

शनिवार, नदीचं तोंड

सकाळी दिनू म्हणाला, “चल, तापी दाखवतो.” पाहुण्याला दाखवतात तसं. मी त्याच्यामागे बसलो. डुमसच्या एका बाजूला समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला नदी येऊन मिळते. झुडपांतून कच्च्या वाटेनं गेलो. काठाला चिखलात कललेल्या होड्या. पलीकडे हजिऱ्याचे कारखाने, उंच धुराडी, जहाजांचे क्रेन. मध्ये जे पाणी होतं त्याला नदी म्हणावं की समुद्र, कळत नव्हतं. भरती सुरू होती आणि पाणी उलटं, आत चाललं होतं. आपली तापी मागे मागे सरकताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

“हीच का?” मी विचारलं.

“हीच. आपल्याकडून आलेली.” त्यानं खडा उचलून टाकला. “बोल आता. तू नदी बघायला नाही आला.”

घरून निघताना मी वाक्यं जुळवून आणली होती. एकही आठवेना. मी म्हणालो, “तुझी मूठ मायनं नव्हती नाकारली. मी नाव गाळलं होतं. तुझ्याशी फोनवर खोटं बोललो.”

तो पाण्याकडेच बघत राहिला. एक होडी इंजिन फटफटवत गेली, तिची लाट येऊन काठाला लागली. मी वाट बघत होतो की हा मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“मूठ भरलेली होती?” त्यानं विचारलं.

“हो.”

“माझी म्हणून भरलेली?”

“तुझी म्हणून. सुपावर आलेली. मी रोहितचं नाव घेतलं तर हात थांबला. माझ्याकडे बघत राहिली.”

“मग?”

“मी म्हणालो, पुढं.”

“अन् तिनं सोडली.”

“सोडली. नंतर दरवर्षी तुझ्या जागेवर थांबायची. मी ‘पुढं’ म्हणेपर्यंत.”

“गच्च होती?”

“काय?”

“मूठ रे!” तो एकदम ओरडला. बगळे उडाले. “गच्च होती का?”

“दाणे सांडत होते,” मी म्हणालो.

तो उठला. मोटारसायकलला किक मारली आणि मला तिथंच ठेवून गेला. धूळ बसेपर्यंत मी उभा होतो. मग त्याच्या स्लिपर घालून चालायला लागलो. वाट तासाभराची होती, चुकत माकत दोन तास लागले. वाटेत सुलतानाबाद गावच्या एका म्हातारीनं हटकलं, “कोने त्यां जवू छे?” मी दिनूचं नाव सांगितलं. “ए तो मराठा! मशीनवाळो! बहु सारो माणस,” ती म्हणाली आणि रस्त्यापर्यंत सोडायला आली. इथं त्याला सगळे मराठा म्हणतात. निंबोल्यात कुणी त्याला काहीच म्हणत नाही.

घरी जशू एकटी होती. तिला दिनूनं जाता जाता दोन वाक्यांत सांगितलं होतं. तिनं मला पाणी दिलं, आणि पदर डोक्यावर न घेता समोर उभी राहिली.

“जेठजी, त्या बाईला मी कधी बघितलं नाही. फोटोत पण नाही. आणि तिच्यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी कोणत्याच गोष्टीवरून नाही झाली. हेतल झाली तेव्हा मी बोलली, सासूला कळवू. याने ताट फेकलं होतं.” मग थोड्या वेळाने, “तुम्ही आलात ते बरं केलं. पण उशीर किती केला.”

मी केळीच्या फण्या पिशवीतून काढून दिल्या. दाबल्या गेल्यामुळे काळ्या पडल्या होत्या. तिनं त्या सोलून कुस्करल्या, गव्हाच्या पिठात घातल्या आणि त्यांची भजी केली. केळीच्या गावात जन्म गेला, पण हा प्रकार मी पहिल्यांदा खाल्ला. संध्याकाळी तिच्या लारीवर कांदे चिरून दिले. चातुर्मास लागलेला होता. डोळे पुसायला कारण मिळालं.

दिनू त्या दिवशी घरी आला नाही. सुरतेत कारखान्यावरच झोपला.

रविवार, परत

दुपारच्या गाडीचं परतीचं तिकीट होतं. जशूनं भज्यांची वाळवलेली मिरची बांधून दिली. हेतल मला बसथांब्यावर सोडायला येते म्हणाली, तेवढ्यात मोटारसायकल आली.

“मी सोडतो,” दिनू म्हणाला. “तू जा आत.”

थांब्यावर उंटवाले उंटांना पाणी पाजत होते. सुट्टीची गर्दी किनाऱ्याकडे चालली होती. दिनूचे डोळे सुजले होते.

“यंदा मुठी कधी?”

“नागपंचमीनंतर. रविवारच्या आधी धान्य निघेल.” मी धीर केला. “तू ये. जशूला, हेतलला घेऊन ये. सगळ्यांसमोर तुझं नाव घेतो.”

“मी नाही येत.”

“दिन्या...”

“ऐक. एकोणीस वर्षं मी तिला शिव्या दिल्या भाऊ. बसता उठता. तिला खांदा नाही दिला. अन् ती माझी मूठ धरून बसली होती.” तो उंटाकडे बघत म्हणाला, “तिची मूठ काढ.”

“मायची?”

“मायची. नाव घेऊन. सगळ्या भाऊबंदांसमोर.”

“बाईमाणसाची मूठ निघत नाही रे. कधी निघाली नाही. बापूकाका उठून जातील.”

“माझं नाव गाळताना कोणाला विचारलं होतं? ते एकट्याला जमलं. मग हे पण जमव.” बस दिसायला लागली तशी त्यानं माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली. “जिनं सगळ्यांच्या भरल्या तिची एक निघत नसेल तर माझी पण नको. अन् तेव्हा फोन चालू ठेवशील. मले ऐकायचंय.”

बसमध्ये चढल्यावर लक्षात आलं, पायात त्याच्याच स्लिपर होत्या. खिडकीतून ओरडून सांगितलं. त्यानं हात हलवला. ‘असू दे’ म्हणाला की ‘जा’ म्हणाला, गाडीच्या आवाजात कळलं नाही.

निंबोला

घरी येऊन आधी उषाला सगळं सांगितलं, फोनवरचं खोटंसुद्धा. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मायबाई मरायच्या आधी मला विचारत होत्या, दिन्या कशावर रागावला ग? मी म्हटलं, पुरुषांचं काय कळतं.” एवढं बोलून ती गोठ्यात गेली.

नागपंचमी झाली. शुक्रवारी सकाळी धान्य काढायला भाऊबंद जमले. बापूकाका आता पंच्याऐंशीचे आहेत. त्यांना खुर्ची दिली. जमिनीवर शेणाने सारवून पाट मांडला. गहू आणि डाळ एकत्र करून परातीत, शेजारी सूप. मुठी भरायला उषा बसली. मी दिनूला फोन लावला आणि परातीच्या कडेला पाटावर ठेवला. पलीकडून लाटांचा आवाज येत होता.

मी नावं घ्यायला लागलो. बापूकाकांचं, चुलतभावांची, त्यांच्या मुलांची. माझं. मग म्हणालो, “दिनकर.”

चुलतभावांनी एकमेकांकडे बघितलं. उषानं मूठ भरली ती इतकी गच्च की सुपापर्यंत जाताना पाटावर दाण्यांची रेघ पडली. वर चिमूट. रोहितचं नाव घेतलं. तो पुण्यातच होता, तरी घेतलं. नावं संपली. उषा हात झटकायला लागली.

“अजून एक आहे,” मी म्हणालो. “अनसूया.”

उषानं मूठ भरून उचलली, पण हात सुपावर थांबला. बापूकाकांनी काठी आपटली. “हे काय नवीन काढलं? बाईची मूठ निघते का कुठं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. उषाही बघत होती, माय बघायची तशी. एक शब्द म्हटला की झालं असतं. तो माझ्या तोंडून निघेना. मागे इतकी वर्षं ज्या कामाला तो वापरला होता, त्यानंतर तो मला उच्चारता येईना. काका खुर्चीतून उठायला लागले होते.

पाटावरच्या फोनमधून लाटा ऐकू येत होत्या. मग घसा खाकरल्याचा आवाज आला.

“पुढं,” दिनू म्हणाला. “पुढं, वहिनी.”

उषानं मूठ सोडली.